क्लचचे पेडल मऊ पडते, रिव्हर्स गिअर कुरकुरतो : ब्रेडेड होज बसवण्यापूर्वी क्रमाने करायच्या तपासण्या

सकाळी सोसायटीतून गाडी बाहेर काढताना क्लच व्यवस्थित असतो. ठाण्यात माजिवडा ओलांडून घोडबंदर रस्त्यावर अर्धा-पाऊण तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडल्यावर मात्र पेडल मऊ पडू लागते, पकड सुटण्याची जागा हळूहळू जमिनीकडे सरकते आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढ घेत राहते. रिव्हर्स टाकताना दाते घासल्याचा आवाज येतो. पेडल दोन-तीन वेळा भराभर दाबले की गिअर पडतो, पण पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. काही गाड्यांत पेडल खाली गेल्यावर वर येत नाही आणि पायाच्या बोटांनी उचलावे लागते. काहींत तेलाच्या डबीतली पातळी दर पंधरवड्याला थोडी उतरलेली दिसते, तर काहींत पातळी जशीच्या तशी असूनही त्रास होतो.

ही सगळी लक्षणे क्लच पूर्णपणे न सुटण्याची आहेत. याच्या उलट, इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, चढावर जळका वास येतो, अशी तक्रार असेल तर ती बहुतेक वेळा झिजलेल्या क्लच प्लेटची असते आणि या लेखातले काहीही त्यावर उपाय नाही. हा फरक सुरुवातीलाच पक्का करावा, कारण घसरणाऱ्या क्लचवर नवी लाइन, म्हणजे तेलाचा नवा पाईप, बसवून घेतलेले आणि महिन्याभरात गिअरबॉक्स उतरवावा लागलेले दोन जण माझ्या पाहण्यात आहेत.

औद्योगिक हायड्रॉलिक यंत्रांची देखभाल हे माझे अनेक वर्षांचे काम. त्यामुळे शेजारी, नातेवाईक आणि सहकारी यांच्या गाड्यांचा हा बिघाड माझ्याकडे वारंवार येत राहिला. अलीकडे बहुतेक जण आधीच ठरवून येतात की रबरी पाईप काढून पोलादी जाळीचा ब्रेडेड होज बनवून घ्यायचा आहे. माझा अनुभव असा, की त्यांतल्या निम्म्याहून अधिक गाड्यांना होजची गरजच नव्हती. ज्यांना खरोखर गरज होती त्यांच्या बाबतीत यश होजच्या दर्जापेक्षा त्याच्या टोकांवरच्या फिटिंगवर, म्हणजे आटे असलेल्या जोडांवर, अवलंबून होते.

मारुती ८०० सारख्या गाड्यांत क्लच केबलने ओढला जातो, त्यांना हे लागू नाही. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल एका दांडीने वरच्या पंपाचा, म्हणजे मास्टर सिलिंडरचा, पिस्टन ढकलते. ते तेल पाईपमधून खालच्या सिलिंडरकडे जाते आणि खालचा पिस्टन रिलीज बेअरिंगला ढकलून क्लच प्लेट मोकळी करतो. यात हलणारे तेल फार थोडे असते. उदाहरणादाखल वरच्या पंपाचा व्यास १५.८७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ३० मिलिमीटर धरली, तर पूर्ण पेडल दाबल्यावर जेमतेम ६ मिलिलिटर तेल सरकते. त्यातले एक मिलिलिटर जरी हवेचा बुडबुडा दाबण्यात किंवा जुना रबरी पाईप फुगण्यात खर्ची पडले, तरी खालच्या पिस्टनची सहाव्या हिश्श्याची धाव गेली. प्लेट मोकळी होण्यासाठी लागणारी धाव आणि मिळणारी धाव यांत फारशी मोकळीक नसते, म्हणूनच एवढ्याशा तुटीने गिअर कुरकुरतो.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी पायाखालची. पेडलखाली कंपनीच्या मॅटवर दुसरी जाड रबरी मॅट टाकलेली असेल तर ती काढावी आणि पेडल हाताने जमिनीपर्यंत दाबून पाहावे. पावसाळ्यात चिखलासाठी टाकलेली जादा मॅट पेडलची शेवटची दीड-दोन सेंटिमीटर धाव खाते, आणि वर सांगितल्याप्रमाणे तीच धाव महत्त्वाची असते. ओवळ्याच्या एका गृहस्थांची गाडी केवळ एवढ्याने बरी झाली. त्याआधी त्यांना क्लच प्लेटचा पूर्ण संच बदलण्याचा सल्ला मिळाला होता.

त्यानंतर बॉनेट उघडून तेलाची पातळी आणि रंग पाहावा. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची डबी एकच असते आणि क्लचची नळी डबीच्या बाजूला थोड्या उंचीवर जोडलेली असते. ही रचना मुद्दाम केलेली आहे: क्लचमध्ये गळती झाली तरी ब्रेकसाठीचे तेल खाली शिल्लक राहावे. त्यामुळे पातळी उतरली की पहिला त्रास क्लचला होतो आणि तो एक इशारा असतो. डबी वेगळी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्लेट झिजते तसा खालचा पिस्टन मागे ढकलला जातो आणि तेल डबीकडे परत येते, म्हणजे निरोगी क्लचच्या डबीतली पातळी काळानुसार किंचित वाढते, उतरत नाही. स्वतंत्र डबीतली पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहेच, मग ती दिसो वा न दिसो. सामाईक डबीत मात्र ब्रेक पॅडच्या झिजेनेही पातळी खाली जाते, तेव्हा पॅडची जाडी पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

नवे तेल फिकट पिवळसर आणि पारदर्शक असते. ते चहाच्या रंगाचे झाले असेल तर त्याने पाणी शोषले आहे आणि ते जुने झाले आहे असे समजावे. काळे असेल आणि बोटांवर बारीक कण लागत असतील, तर आतले रबर झिजत आहे. क्लचमधले हे तेल बहुधा ब्रेक ऑइलच असते. ते हवेतला ओलावा शोषून घेते, आणि ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओलाव्याला तोटा नसतो. डॉट ४ प्रतीच्या कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पण पाणी शोषलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. अनेक गाड्यांत क्लचची लाइन एक्झॉस्टच्या जवळून जाते. वाहतूक कोंडीत वारा मिळत नाही, पेडल सतत दाबले जाते, आणि तापलेल्या भागात तेलातल्या पाण्याची वाफ होऊ लागते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. सकाळी ठीक असलेला क्लच कोंडीत मऊ पडतो आणि रात्री गाडी गार झाल्यावर पुन्हा सुधारतो, याचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे, आणि त्यावर उपाय होज नसून नवे तेल आहे.

तिसरे काम ओलावा शोधण्याचे. डॅशबोर्डखाली वाकून, पेडलची दांडी जिथे भिंतीत शिरते तिथे कोरडा पांढरा टिश्यू पेपर दाबून पाहावा. तो ओला झाला तर वरच्या पंपाचे मागचे सील गेले आहे; कार्पेट उचलल्यावर रंगाला फोड आलेले दिसले तर गळती जुनी आहे, कारण ब्रेक ऑइल रंग खाते. मग बॉनेटखाली पाईप जिथे जिथे दिसतो तिथे बोट फिरवावे. खालच्या सिलिंडरचे रबरी बूट, म्हणजे धूळ अडवणारी टोपी, थोडे उचलून आत तेल आहे का ते पाहावे. वाशी आणि ऐरोलीच्या पुलांवरून रोज जाणाऱ्या, खाडीलगत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत मी पोलादी पाईप क्लिपच्या आत गंजलेला पाहिला आहे. वरून रंग शाबूत असतो, क्लिप काढल्यावर पाईप हाताला ओला लागतो. प्लास्टिकच्या लाइनवर उंदराचे दातही शोधावेत. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हा उपद्रव वायरपुरता मर्यादित नसतो.

पेडलच काय सांगते

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन सुरू ठेवून उभी करावी आणि पेडल एकदा अगदी सावकाश व एकदा झटकन दाबून दोन्ही वेळा गिअर टाकून पाहावा. झटकन दाबल्यावर गिअर सहज पडतो आणि सावकाश दाबल्यावर कुरकुरतो, बाहेर कुठेही थेंब नाही आणि डबीतली पातळीही स्थिर आहे, असे असेल तर वरच्या पंपातले सील तेल मागे सोडत आहे. हळू दाबताना तेलाला सीलच्या कडेने परत जायला वेळ मिळतो, वेगाने दाबताना मिळत नाही. अशा गाडीवर कितीही उत्तम होज बसवला तरी दोष जिथल्या तिथे राहतो.

दोन-तीन वेळा पंप केल्यावर पेडल वर येऊन कडक होते, पण मिनिटभर सोडल्यावर पुन्हा मऊ, हे हवेचे लक्षण आहे. पेडल दाबताना ठीक असते पण सोडल्यावर आळसावून वर येते आणि क्लच उशिरा पकडतो, असे असेल तर रबरी पाईप आतून सुजून अरुंद झाला असण्याची शक्यता मोठी. दाबताना पायाच्या जोराने तेल त्यातून पुढे जाते, परतताना तेवढा जोर नसतो.

थोड्या खर्चाची तपासणी : तेल बदलणे आणि हवा काढणे

होजचा विचार करण्याआधी हे काम प्रत्येक गाडीवर करावे असे माझे ठाम मत आहे, कारण खर्च काहीशे रुपयांचा आहे आणि निदानही त्यातूनच होते. डबीच्या झाकणावर जी प्रत लिहिली असेल तीच वापरावी. डॉट ५ हे सिलिकॉनचे तेल आहे. ते डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ यांच्यात मिसळू नये. काही मोजक्या गाड्यांत खनिज तेल लागते, तिथे ब्रेक ऑइल चालत नाही आणि याच्या उलटही चालत नाही. मागच्या पावसाळ्यात उघडलेली अर्धी बाटली कपाटात असेल तर ती वापरू नये.

खालच्या सिलिंडरच्या निपलवर, म्हणजे हवा काढण्याच्या स्क्रूवर, पारदर्शक नळी बसवून तिचे दुसरे टोक थोड्या ताज्या तेलात बुडवून ठेवावे. मदतनीसाने पेडल खाली दाबून धरल्यावर निपल पाव फेरा सैल करावे, बुडबुडे बाहेर पडले की निपल बंद करावे आणि मगच पेडल वर सोडावे. निपल उघडे असताना पेडल वर आले तर हवा परत आत ओढली जाते. दर चार-पाच दाबांनंतर डबी भरावी. सामाईक डबीत पातळी फार उतरू दिली तर हवा ब्रेकमध्ये शिरू शकते आणि मग प्रश्न क्लचपुरता राहत नाही. खालचा सिलिंडर सुटा केलेला असताना पेडलला हात लावू नये, त्याचा पिस्टन बाहेर निघून पडतो. हट्टी हवा असेल तर निपल उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे तेल आपोआप ठिबकू द्यावे; किंवा मोठ्या सिरिंजने खालून वर हळूहळू तेल ढकलावे, त्याआधी डबीतले थोडे तेल काढून ठेवावे. हवा स्वभावतः वर जाते, म्हणून ही उलटी पद्धत कित्येकदा पेडल मारण्यापेक्षा चांगली चालते. डोळ्यांवर चष्मा असावा, आणि रंगावर सांडलेले तेल लगेच भरपूर पाण्याने धुवावे. निघालेले जुने तेल गटारात ओतू नये. जिथे वापरलेले तेल जमा करतात अशा गॅरेजात ते वेगळ्या बाटलीत द्यावे, इंजिन ऑइलमध्ये मिसळून नव्हे.

यानंतर गाडी एकदा कोंडीत चालवावी. तक्रार गेली असेल तर काम इथेच संपले. चार-सहा आठवड्यांत हवा पुन्हा आली तर मात्र ती कुठून तरी आत येत आहे.

खरोखर पाईपच दोषी आहे का

गाडी बंद असताना मदतनीसाला पेडल दाबून धरायला सांगावे आणि रबरी तुकडा मुठीत पकडावा. हात एक्झॉस्टजवळ जाणार असेल तर इंजिन पूर्ण गार असावे. दाबताना पाईप हाताला स्पष्ट फुगल्यासारखा जाणवला, त्यावर भेगा असल्या, किंवा दाबलेल्या टोकाशी ओल असली, तर तो बदलावाच. धातूचा पाईप गंजलेला असला तरी तोच निर्णय. थोडी शंका असेल तर वरच्या पंपाचे तोंड योग्य आट्यांच्या बूचाने बंद करून, पंपातली हवा काढून पेडल दाबावे. पेडल दगडासारखे कडक राहिले तर पंप चांगला आहे आणि दोष पाईपमध्ये किंवा खाली आहे. ते तरीही हळूहळू खाली गेले तर पंप बदलावा. जोर बेताने लावावा, लाथ मारल्यासारखा नको.

इथे एका समजुतीबद्दल स्पष्ट लिहितो. ब्रेडेड होजने पेडल हलके होत नाही. पेडलचा जडपणा प्रेशर प्लेटची (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाची) स्प्रिंग, पेडलची तरफ आणि दोन सिलिंडरांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर यांवर ठरतो. पाईपचे भोक मोठे केल्याने त्यात बदल होत नाही. फुगणारा पाईप जाऊन न फुगणारा आल्यामुळे पकड सुटण्याची जागा स्थिर होते आणि पेडल थोडे कडकच वाटते. मूळ कंपनीचा पाईप मिळत असेल आणि गाडी साधी वापरातली असेल तर तो बसवणे पूर्णपणे योग्य आहे. बनवून घेतलेल्या होजचा मार्ग मी तेव्हा सुचवतो, जेव्हा जुन्या गाडीचा मूळ भाग मिळत नाही, किंवा पाईपचा मार्ग इतका तापतो की रबर वारंवार जाते.

होज बनवून घेताना

वागळे इस्टेटमध्ये आणि रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात हायड्रॉलिक होज मोजून, कापून, टोके प्रेस करून देणारी दुकाने सहज सापडतात. त्यांचे काम उत्तम असते, पण ते प्रामुख्याने खनिज तेलावर चालणाऱ्या यंत्रांसाठी असते, आणि नेमका इथेच सर्वांत महागडा घोटाळा होतो. औद्योगिक होजचे आतले अस्तर बहुधा नायट्राइल रबराचे असते. ते खनिज तेलात वर्षानुवर्षे टिकते, पण ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचे असल्यामुळे त्यात ते फुगते आणि मऊ पडते. बाहेरून होज दणकट, दाबाची क्षमता क्लचच्या गरजेच्या कितीतरी पट, आणि तरीही काही महिन्यांत आतून बिघडलेला. म्हणून मागताना टेफ्लॉनचे, म्हणजे पीटीएफईचे, अस्तर आणि त्यावर स्टेनलेस स्टीलची जाळी असलेला होज असेच सांगावे आणि कापलेल्या टोकाशी पांढरे किंवा काळे गुळगुळीत, कडक अस्तर स्वतः पाहून घ्यावे. वाहनांच्या ब्रेक-क्लचसाठी साधारण ३ मिलिमीटरच्या आसपास भोक असलेला होज प्रचलित आहे.

दुसरा धोका चाचणीचा. दुकानदार प्रामाणिकपणे होजला दाब देऊन दाखवतो, पण त्याच्या चाचणीच्या पंपात खनिज तेल असते. ब्रेक-क्लचच्या सिलिंडरांतली सीले बहुधा ईपीडीएम रबराची असतात, आणि खनिज तेलाचा अंश लागला तरी ती फुगून निकामी होतात. चाचणी स्वच्छ पाण्याने घेणे शक्य आहे का ते आधी विचारावे. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने होज धुऊन, कोरड्या हवेने पूर्ण वाळवून घ्यावा. हे जमत नसेल तर वाहनांचेच ब्रेक होज बनवणाऱ्याकडे जावे. दोन-चारशे रुपये जास्त पडतील, पण दोन सिलिंडर वाचतील.

आता फिटिंग. माझ्या स्वतःच्या गाडीवर पहिल्यांदा हे काम केले तेव्हा एका कार्यशाळेतून आलेले फिटिंग वरच्या पंपात हाताने सहज फिरले आणि मीही समाधान मानले. पंपाचे आटे एम१० बाय १ होते, म्हणजे व्यास १० मिलिमीटर आणि दोन आट्यांतले अंतर १ मिलिमीटर. आलेले फिटिंग ३/८ इंच, २४ आट्यांचे होते, म्हणजे व्यास ९.५२५ मिलिमीटर आणि अंतर १.०५८ मिलिमीटर. हे दोन आकडे इतके जवळ आहेत की चुकीचे फिटिंग आत जाते, थोडे खुळखुळते आणि पान्याने आवळताना आटे खरवडून काढते. मला पंपच बदलावा लागला. तेव्हापासून आट्यांचे माप मी डोळ्यांवर कधीच सोडत नाही: व्हर्निअरने बाहेरचा व्यास, थ्रेड गेजने अंतर, आणि जुने फिटिंग बरोबर नेऊन दोन्हींची शेजारी शेजारी तुलना.

आटे जुळले तरी बैठक जुळली पाहिजे. तेल आट्यांनी अडत नाही, पाईपच्या पसरट तोंडाने आणि समोरच्या शंकूने अडते. अनेक गाड्यांत दुहेरी घडीचे ४५ अंशांचे तोंड असते, काहींत बुडबुड्यासारख्या आकाराचे, तर स्पर्धेच्या गाड्यांच्या फिटिंगचा शंकू ३७ अंशांचा असतो. यांची सरमिसळ झाली की जोड एका रेघेवर टेकतो, थोडा पाझरतो, आणि पाझर थांबवण्यासाठी आणखी आवळल्यावर शंकू चिरतो. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळणे हा यावरचा उपाय मुळीच नाही. टेप जोडाला सील करत नाही आणि तिचे तुकडे तेलात जातात. जिथे बँजो बोल्ट, म्हणजे आतून तेल जाणारा पोकळ बोल्ट, आहे तिथे दोन्ही बाजूंना नवी तांब्याची वॉशर घालावी. एकदा दाबली गेलेली वॉशर पुन्हा नीट बसत नाही.

लांबी जुन्या पाईपच्या मार्गाने जाड वायर वळवून मोजावी, सरळ टेपने नव्हे. इंजिन माउंटिंगवर हलते, बॉडी हलत नाही, आणि होजचे एक टोक गिअरबॉक्सवर तर दुसरे बॉडीवर असते. म्हणून वेग देताना-सोडताना होणाऱ्या हालचालीपुरती ढील ठेवावी, पण वरच्या बाजूला कमान येईल एवढी नाही, कारण त्या कमानीत हवा अडकते आणि काही केल्या निघत नाही. टेफ्लॉनचे अस्तर एकदा मोडले की ती मोड कायम राहते. असा होज सरळ करून वापरू नये. टोक आवळताना होजला पीळ बसू नये म्हणून दोन पाने वापरावेत, एकाने होज धरावा आणि दुसऱ्याने नट फिरवावा.

पोलादी जाळी उघडी असेल तर ती कानशीसारखी काम करते. शेजारची वायर, रेडिएटरची नळी, बॉडीचा रंग, जे जे तिला टेकेल ते थरथरीने कापले जाते. बाहेरून प्लास्टिकचे आवरण असलेला होज घ्यावा, आतून रबर असलेल्या क्लिपांनी तो बांधावा, आणि एक्झॉस्टजवळ उष्णतारोधक नळकांडे चढवावे. ब्रेडेड होज गरम भागाला टेकला तरी चालतो ही समजूत चुकीची आहे. होज वितळला नाही तरी आतले तेल तापतेच.

बसवल्यावर हवा काढून मदतनीसाला पेडल पूर्ण मिनिटभर दाबून धरायला सांगावे आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू लावावा. बाहेरचा खालचा सिलिंडर असेल तर त्याच्या दांडीची धाव पट्टीने मोजून कामाआधीच्या धावेशी तुलना करावी. माझ्या मते ही तपासणी पायाच्या अंदाजापेक्षा कितीतरी खात्रीची आहे. मग इंजिन मंद गतीवर ठेवून, क्लच पूर्ण दाबून, मनात तीन मोजून रिव्हर्स टाकावा. आवाज येता कामा नये. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे जोड पुन्हा पाहावेत. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र यांतले काहीही करण्याआधी सेवा केंद्राशी बोलावे.

इथे थांबावे

ब्रेकचे पेडलही मऊ झाले असेल, तर गाडी हलवू नये आणि स्वतः काही उघडू नये. मेकॅनिकला जागेवर बोलवावे किंवा गाडी उचलून न्यावी.

खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगभोवती बसवलेला असेल आणि गिअरबॉक्सच्या कवचाच्या तळातून तेल ठिबकत असेल, तर हे घरी करण्याचे काम नाही. गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि एकदा उतरवल्यावर क्लच प्लेट व प्रेशर प्लेट यांची अवस्था पाहून, जुनी असल्यास त्याच मजुरीत ती बदलून घेणे शहाणपणाचे ठरते. तेलाने भिजलेली प्लेट धुऊन परत वापरू देऊ नये. अशा गाडीत हवा काढतानाही पेडलला दणके देऊ नयेत.

गंजलेल्या नटावर पाना दोनदा घसरला तर तिसरा प्रयत्न करू नये. लाइनसाठीचा चिरा असलेला रिंग पाना आणि गंज सोडवणारे द्रव वापरूनही नट हलत नसेल, तर पाईप पिळवटून तुटण्याआधी काम कुशल माणसाकडे द्यावे. गाडीखाली शिरायचे असेल आणि भक्कम जॅक स्टँड नसतील, तर शिरूच नये. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. दोनदा नीट हवा काढूनही पेडल महिन्याभरात मऊ पडत असेल, तर अंदाजाने भाग बदलत राहण्यापेक्षा दाब मोजणाऱ्याकडे जाणे स्वस्त पडते.

अर्धवट सुटणाऱ्या क्लचवर गायमुखचा चढ किंवा मुंब्रा बायपास चढण्याचा धोका पत्करू नये. मागे अवजड वाहनांची रांग असते आणि चढावर थांबलेली गाडी पुन्हा काढता येईलच असे नाही. गाडी गॅरेजात पोहोचल्यावर नुसते ‘क्लच खराब आहे’ असे न सांगता, त्रास गरम झाल्यावर होतो की गार असतानाही, पंप केल्याने फरक पडतो का, पातळी किती दिवसांत किती उतरली, आणि तेल शेवटचे कधी व कोणत्या प्रतीचे घातले, हे कागदावर लिहून द्यावे.